पेपरातला टक्का आणि पाड्यावरची ड्यू लिस्ट

दोन वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या एका गटप्रवर्तक बाईंचा, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंचा, रात्री साडेनऊला फोन आला. "ताई, ग्रुपवर आलंय बघा. बाळाला डोसला आणलं की आईला किलोभर डाळ द्यायची, लसीकरण सहापट वाढतं. मोठ्या विद्यापीठाचं संशोधन आहे म्हणतात. ग्रामसभेत मांडू का?"

मी म्हटलं, मांडा, पण आधी मूळ पेपर आपण मिळून वाचू. शनिवारी त्या नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून सिटीलिंकच्या बसने म्हसरूळला माझ्या घरी आल्या, बरोबर दोन आशाताई. ओट्यावर सतरंजी टाकली आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत बसलो. तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार आमचा पेपर वाचण्याचा आहे. त्या बैठकांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. आशाताई, सिस्टर, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, ग्रामपंचायतीत आरोग्याचं बघणारी माणसं, तुमच्यासाठी.

मी एकतीस वर्षं आरोग्य खात्यात होते. आधी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स, शेवटची नऊ वर्षं एलएचव्ही म्हणजे या नर्सवर देखरेख करणारी. पेठ, हरसूल, दिंडोरी असा सगळा डोंगराकडचा पट्टा पायाखालून गेला. आता रोज सकाळी फिरायला जाते ती आरोग्य विद्यापीठाच्या गेटवरून. १९९८ साली हे विद्यापीठ नाशिकला झालं, राज्यभरातली मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीची कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. संशोधन म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आणि नवं औषध आठवतं. पण आरोग्यसेवेवरचं संशोधन वेगळं असतं. औषध तेच, लस तीच. ती कोणत्या वारी मिळते, कोण देतं, पैसे कोण भरतं, सिस्टर जागेवर असते का, कार्ड दाखवल्यावर दवाखाना दाखल करून घेतो का, हा त्याचा विषय. म्हणजे आपलंच रोजचं काम. आपल्या कामावर लिहिलेलं आपल्याला वाचता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी मूळ पेपर मिळवा

बातमीवर किंवा फॉरवर्डवर काही ठरवू नका. त्यात विद्यापीठाचं नाव, विषय आणि साल एवढं तरी सापडतं. ते इंग्रजीत गूगल स्कॉलरवर टाका. नावाच्या उजव्या बाजूला पीडीएफ लिहिलेलं दिसलं तर पूर्ण पेपर फुकट मिळतो. नाही दिसलं तरी सुरुवातीचा सारांश वाचता येतोच. पेपरवर एका लेखकाचा ईमेल दिलेला असतो, पत्रव्यवहारासाठी. त्याला चार ओळी लिहा की आम्ही अमुक तालुक्यात काम करतो, पेपर वाचायचा आहे, प्रत मिळेल का. अनेक जण आनंदाने पाठवतात. लेखकाला स्वतःच्या पेपरची प्रत अशी देता येते, त्यात संकोच करू नका.

माझं इंग्रजी नर्सिंगच्या पुस्तकापुरतं. फोनचा कॅमेरा पानावर धरला की मराठी भाषांतर येतं, त्यावर काम भागतं. एकच शब्द सांभाळा. 'कंट्रोल' गावांचं भाषांतर फोन 'नियंत्रण गावे' असं करतो आणि वाचणाऱ्याला वाटतं तिथे काहीतरी बंदोबस्त होता. ती तुलनेची गावं असतात, जिथे नवीन काही केलेलं नसतं. आमच्या पहिल्या बैठकीत या एका शब्दापायी अर्धा तास गेला.

आकडा बघायच्या आधी, प्रश्न कुणी विचारला ते बघा

हे मी माझ्या चुकीतून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. त्यात प्रश्न होता, बाळाला सहा महिने फक्त अंगावरचंच दूध दिलं का? पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी घरोघर विचारत गेले. प्रत्येक आई म्हणाली, हो. का नाही म्हणेल? दर महिन्याला मीच तिला ते शिकवत होते. मी खूश होऊन 'हो'च्या चौकटीत खुणा करत गेले. शेवटच्या घरी ओसरीवर एक बाई चार महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. तिनेही हो म्हटलं. मी फॉर्मवर सही करत होते, तेवढ्यात सासूबाई आतून वाटी घेऊन आल्या. साखरेचं पाणी होतं, त्यात कापसाचा बोळा. नेहमीसारखा त्यांनी तो बाळाच्या ओठांना लावला. आईने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझी खूण कागदावर ओली होती अजून. मी ती खोडली नाही. का नाही खोडली, याचं मला आजही वाईट वाटतं. मागची सगळी घरं पुन्हा फिरावी लागली असती आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म जमा करायचे होते.

पुढे काही वर्षांनी एका कॉलेजच्या मुली त्याच भागात आल्या होत्या. त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं?" पाणी? गुटी? मध? वरचं दूध? एकेक करून. त्या परक्या होत्या, आयांना त्यांच्यासमोर लाजायचं काही कारण नव्हतं. उत्तरं बदलली. आता मोठ्या सर्वेक्षणांतही गेल्या चोवीस तासांचंच विचारतात.

म्हणून पेपर हातात आला की पद्धतीचा भाग आधी उघडा. कुणी विचारलं? जिचं काम तपासायचं तिनेच विचारलं का? शब्द काय होते? की विचारण्याऐवजी लसीचं कार्ड बघितलं, बाळाच्या दंडावरची बीसीजीची खूण बघितली? हे कळल्याशिवाय टक्क्याकडे वळू नका.

उदयपूरची डाळ: तीन आकडे वाचायचे असतात

आता तो डाळीचा पेपर. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास. बॅनर्जी आणि डुफ्लो तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी. काम झालं राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात, तिथल्या सेवा मंदिर या संस्थेबरोबर. २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला आणि फुकट वाचता येतो.

त्यांनी १३४ गावं घेतली आणि कुठे काय करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते तसं. चिठ्ठी का? समजा गावं आपण निवडली, तर आपण जागरूक सरपंच, रस्त्याला लागून असलेलं गाव आणि हुशार आशा असलेलं गाव निवडणार. मग तिथे लसीकरण वाढलं तर श्रेय डाळीला द्यायचं की सरपंचाला? चिठ्ठी पडली की दोन्हीकडे सगळ्या प्रकारची गावं येतात. पेपरमध्ये 'रँडम' शब्द दिसला की भिशीची चिठ्ठी आठवा.

३० गावांत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळेला शिबिर. दुसऱ्या ३० गावांत तेच शिबिर, शिवाय प्रत्येक डोसला आईला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की थाळ्यांचा संच. उरलेल्या ७४ गावांत जे चालू होतं तेच. शेवटी एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये सगळे डोस पूर्ण झालेली मुलं मोजली. तुलनेच्या गावांत ६ टक्के. नुसतं शिबिर होतं तिथे १८. शिबिर आणि डाळ होती तिथे ३९.

फॉरवर्डमध्ये सहा आणि एकोणचाळीस एवढेच दोन आकडे होते, म्हणून 'सहापट'. मधला अठरा कुणीतरी गाळला होता. आमच्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा. डाळ न देता, ठरलेली तारीख न चुकवल्याने सहाचे अठरा झाले.

हे आशाताईंना दाखवायला मी सुपात शंभर चिंचोके घेते. सहा बाजूला काढायचे. ही पूर्ण लसीकरण झालेली मुलं. मग आणखी बारा काढायचे, ही तारीख पाळल्याने आलेली. मग एकवीस, ही डाळीने आलेली. सुपात उरतात एकसष्ट. त्या दिवशी एक आशाताई बराच वेळ त्या उरलेल्या चिंचोक्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी डाळ वाटूनही ही राहिलीच की." पेपरमध्ये तेही लिहिलेलं असतं, फक्त मथळ्यात येत नाही. टक्का कुठलाही असो, तो शंभर चिंचोक्यांत मांडून बघा. 'सहापट', 'निम्म्याने कमी', 'दुप्पट' असे शब्द आले की तर नक्कीच मांडा, कारण दोनाचे चार झाले तरी दुप्पटच म्हणतात.

आकड्याशेजारी कंसात आणखी दोन आकडे असतात, तेही बघा. अठराच्या शेजारी ११ ते २३ लिहिलंय, एकोणचाळीसच्या शेजारी ३० ते ४७. म्हणजे खरा आकडा बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. दोन्ही पट्टे एकमेकांवर येत नाहीत, म्हणून डाळीने फरक पडला यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पट्टा फार रुंद असेल, समजा ५ ते ६०, तर त्या आकड्यावर ग्रामसभेत काही बोलू नका.

आणि खर्च. हे वाचून आम्ही सगळ्याच थबकलो. डाळ दिली तिथे एका मुलामागे खर्च आला ११०२ रुपये, डाळ दिली नाही तिथे २२०२. कारण नर्सचा पगार आणि गाडीचा खर्च दोन्हीकडे तेवढाच, डाळीच्या शिबिराला मुलं जास्त आली म्हणून वाटणी कमी आली. माझा अंदाज उलटा होता. म्हणून सांगते, खर्चाचा तक्ता टाळू नका.

माणसं निघून गेल्यावर काय झालं?

प्रकल्प चालू असताना सगळं चांगलं चालतं. गाडी असते, सुपरवायझर असतो, दर आठवड्याला कुणीतरी विचारायला येतं. तो संपला की काय उरतं, हे मी प्रत्येक पेपरमध्ये शोधते.

बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांचाच एक २००८ चा पेपर आहे, उदयपूरच्याच एएनएमच्या हजेरीवर. तारीख-वेळ छापणारं यंत्र दिलं होतं, गैरहजेरीला पगार कापायचं ठरलं होतं. सुरुवातीला हजेरी चांगली वाढली. मग खात्याकडूनच 'आज सूट' असे दिवस वाढत गेले आणि दीड वर्षाच्या आत फरक पुसला गेला. हा पेपर वाचताना मला त्रास झाला, खोटं सांगत नाही. सब सेंटरला कुलूप दिसतं तेव्हा सिस्टर कधीकधी खरंच तीन डोंगर पलीकडच्या पाड्यावर असते. पण कधीकधी नसते, हेही मला माहीत आहे. वाचताना रागावू नका. यंत्र बसवणाऱ्यांनी सिस्टरला राहायला खोली आहे का, एसटी किती वाजता आहे, हे विचारलं होतं का, ते त्यात शोधा.

दुसरा अभ्यास लेबर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकीने वाचावा. उत्तर प्रदेशात १२० सरकारी दवाखान्यांत हार्वर्डच्या लोकांनी इथल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माणसांबरोबर केला, २०१७ साली छापून आला. बाळंतपणाच्या वेळी करायच्या गोष्टींची एक यादी, चेकलिस्ट. निम्म्या दवाखान्यांत ती दिली आणि आठ महिने शिकवणारी माणसं येत राहिली. दीड लाखाहून जास्त बाळंतिणींची नोंद झाली. दोन महिन्यांनी बघितलं तर सिस्टर करायच्या गोष्टींपैकी ७३ टक्के करत होत्या, तुलनेच्या दवाखान्यांत ४२. शिकवणारे गेल्यावर, वर्षभराच्या टप्प्यावर, ६२ आणि ४४. म्हणजे उतरलं, पण बरंच टिकलं. आणि आई किंवा बाळ दगावणं, आईची प्रकृती गंभीर होणं, हे सगळं मिळून? १५.१ टक्के आणि १५.३ टक्के. फरक नाही.

हे वाचून काहींना वाटेल, मग चेकलिस्टचा उपयोग काय. मी तसं म्हणणार नाही. मी एका दवाखान्यात होते, नाव घेत नाही, तिथे अशीच यादी लेबर रूमच्या भिंतीला लॅमिनेट करून लावलेली होती. पहिलीच ओळ हात धुण्याची. मे महिना, टाकी कोरडी, टँकर दुसऱ्या दिवशी येणार. एवढा पाऊस पडणारा तालुका आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. सिस्टरने तिच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी हातावर ओतून घेतलं. यादी बरोबर होती, सिस्टरही बरोबर होती. अडलेल्या बाईला ऑपरेशनची सोय, रक्ताची पिशवी आणि वेळेवर गाडी लागते, ती भिंतीवरच्या कागदातून येत नाही. हा माझा अर्थ आहे, पेपरचा नाही. पण असे दोन आकडे शेजारी ठेवून विचार करता येतो, हे महत्त्वाचं. सवयी सुधारल्या का आणि माणसं वाचली का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेपर कोणत्याचं उत्तर देतोय ते आधी ओळखा.

आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा पेपर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत गावातलीच बाई शिकवून तयार केली, ती घरी जाऊन नवजात बाळाला तपासायची, ऊब आणि दूध बघायची, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही द्यायची. ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी. इथे चिठ्ठी नव्हती, हेही नोंदवा. त्यातूनच पुढे २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटी आल्या, दवाखान्यातल्या बाळंतपणाला सहा भेटी, घरच्याला सात, ४२ व्या दिवसापर्यंत. पण इंजेक्शन आशाताईंच्या हातात आलं नाही. म्हणून गडचिरोलीचा आकडा तसाच्या तसा आपल्या पीएचसीकडून (प्राथमिक आरोग्य केंद्राकडून) मागू नका. मूळ प्रयोगात काय काय होतं, त्याची यादी करा आणि आपल्याकडे आलेल्या कामात त्यातलं काय राहिलं, त्यावर खूण करा. ही यादी एका पानात होते आणि बैठकीत फार उपयोगी पडते.

विम्याचे पेपर

कर्नाटकात सुमारे ११ हजार कुटुंबांवर राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा अभ्यास झाला, शिकागो विद्यापीठातले संशोधक त्यात होते. विमा फुकट दिला तेव्हा सुमारे ७९ टक्क्यांनी घेतला, पैसे भरून घ्या म्हटलं तेव्हाही सुमारे ६० टक्क्यांनी. पण वापरताना अडलं. कार्ड घरी राहिलं, कुठे चालतं माहीत नाही, दवाखान्याने घेतलं नाही. तब्येतीत मोजण्याजोगा फरक फारसा दिसला नाही.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड किती निघाली हा आकडा सगळे सांगतात. तुम्ही गृहभेटीत वेगळं विचारा. कार्ड आणि रेशनकार्ड घरात नेमकं कुठे ठेवलंय, दाखवा. आपल्याला जवळचं योजनेतलं रुग्णालय कोणतं? तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणारा माणूस, कुठे बसतो? यातलं शेवटचं बहुतेकांना सांगता येत नाही. मला स्वतःला ते आमच्या घरी दुखणं आलं तेव्हा कळलं, आणि तोवर एक लाखाच्या वर बिल भरून झालं होतं. खात्यात आयुष्य काढलेल्या बाईची ही गत, तर पाड्यावरून रात्री दोनला जीप करून येणाऱ्या माणसाने काय करावं?

आता आपला स्वतःचा छोटा अभ्यास

पेपर वाचून झाला की त्यातली एकच गोष्ट घ्या, आपल्याकडे तपासता येईल अशी. आमच्या गटप्रवर्तक बाईंनी डाळ बाजूला ठेवून तारीख घेतली. त्यांच्या भागात गोडी छाटणीपासून माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. काही गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात रोज उभी राहतात, काही पोरांसकट महिनोन् महिने बागेतच राहतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस नेमका अशाच मुलांचा राहायचा. शिवाय सेशनचा, म्हणजे पाड्यावरच्या लसीकरणाचा, वार आठवडे बाजाराच्या वारावरच येत होता. त्या दिवशी पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या, बाकी कुणी नाही.

करायचं कसं, ते सांगते.

प्रश्न एका वाक्यात लिहा. "सेशनचा वार बदलला तर ड्यू लिस्टमधली जास्त मुलं येतात का?" (ड्यू लिस्ट म्हणजे डोस द्यायचा आहे अशा मुलांची यादी.) वाक्यात 'आणि' आला तर ते दोन प्रश्न झाले, एक खोडा. मग 'आलं' म्हणजे काय ते आधीच ठरवा. सेशनच्या दिवशीच आलं ते आलं, की त्या महिन्यात कधीही डोस घेतला तरी आलं? मोजून झाल्यावर ठरवायला गेलात तर मन आपल्याला हवा तसाच अर्थ लावतं, माझं तसं झालेलं आहे.

पाडे दोन गटांत वाटायचे, चिठ्ठ्या टाकून. अर्ध्यांचा वार बदलायचा, अर्ध्यांचा तोच ठेवायचा. मेडिकल ऑफिसरांची परवानगी आधी घ्या, सेशनचा आराखडा त्यांच्या सहीने ठरतो आणि व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसीचा थंड डबा, पोचवणाऱ्यालाही नवा वार कळला पाहिजे. आम्ही हे विसरलो होतो. पहिल्याच नव्या वारी आया ओळीत बसल्या आणि लस आलीच नाही. त्या आयांची माफी मागायला आम्ही घरोघर गेलो. वार न बदललेल्या पाड्यांचं नुकसान होऊ नये म्हणून तीन महिन्यांची मुदत ठरवा आणि मधल्या काळात राहिलेल्या मुलांना नेहमीसारखं घरी जाऊन बोलवा, दोन्हीकडे सारखंच.

न आलेल्या मुलांची कारणं आईच्या शब्दांत लिहा. 'उदासीनता' असा शब्द रजिस्टरमध्ये लिहू नका. आमच्या वहीत असं लिहिलेलं आहे: "बागेवाला म्हणला आज सुट्टी घेतली तर उद्या येऊ नको." "मागच्या डोसला ताप आला, रात्रभर मीच जागी, नवरा ओरडला." पहिल्याला वार बदलून काही होणार नाही, त्याला बागेपर्यंत जावं लागेल. दुसऱ्याला डोस देताना तापाच्या गोळीचं आणि चार शब्दांचं काम आहे. आणि कारण विचारायला त्या पाड्याची आशा नको, शेजारच्या पाड्याची पाठवा. साखरेच्या पाण्याची वाटी आठवा.

मोजणी करताना लहान आकड्यांना जपा. समजा एका गटात २० मुलांची यादी आणि १३ आली, दुसऱ्यात २० मधली ११. हा फरक दोन मुलांचा आहे. एखाद्या घरी लग्न असलं तरी एवढा फरक पडतो. 'दहा टक्क्यांनी वाढ' असं लिहू नका, 'वीसमध्ये दोन जास्त' असं लिहा. तीन महिने प्रत्येक वेळी एकाच बाजूला जास्त येत असतील तर मग थोडा विश्वास ठेवा.

हे काम स्वतःचं काम सुधारण्यासाठी आहे, छापण्यासाठी नाही. छापायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती काम सुरू होण्याच्या आधी. तेव्हा आडगावच्या किंवा धामणगावच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात जाऊन विचारा. एमडीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो, त्यांना विषय हवा असतो आणि तुमच्याकडे विषयांची वही आहे. जाताना नावांची यादी नेऊ नका, फक्त आकडे आणि कारणं न्या. एखाद्या पाड्यावर एकच कुमारी माता असेल तर गावाचं नावसुद्धा लिहू नये, लोक ओळखतात.

रुग्ण कल्याण समितीपुढे मांडताना

एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. वरती प्रश्न. मग दुसरीकडे काय केलं आणि किती फरक पडला, शंभरात किती अशा भाषेत. मग आपल्याकडे काय मोजलं. मग काय हवं आहे, नेमकं. 'लसीकरण सुधारावे' असं लिहिलं तर सगळे माना हलवतात आणि चहा येतो. 'अमुक सहा पाड्यांचा वार बुधवारऐवजी शुक्रवार करावा, गाडी साडेनऊला निघावी' असं लिहिलं तर कुणालातरी हो किंवा नाही म्हणावं लागतं. पेपरमधला मोठ्या विद्यापीठाचा उल्लेख एका ओळीत ठेवा. सरपंचाला त्यापेक्षा आईचं वाक्य लवकर पटतं, आणि डॉक्टरांना तक्ता. दोन्ही ठेवा.

आमच्या बाईंना शुक्रवार मिळाला, सहापैकी चार पाड्यांना. डाळीचं ग्रामपंचायतीने जमणार नाही म्हणून सांगितलं. बागेत राहणाऱ्या मुलांसाठी दिंडोरीकडच्या सिस्टरांशी फोनवर यादीची देवघेव सुरू झाली आहे, ती नीट बसायला आणखी एक हंगाम लागेल.

पानाच्या दोन प्रती काढा. एक सब सेंटरच्या फाइलला लावा, एक आशाताईच्या घरी ठेवा. सिस्टरची बदली होते, फाइल कपाटात जाते आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात पावसाळा निघून जातो. आशाताई त्याच गावात असते.